महाळुंगाची शेंडी

पेटी अजून कुणी उघडली नव्हती, एवढाच काय तो रेजिनाला दिलासा.

सूर्य मावळला की सुक्कोत लागणार होता. सुक्कोत म्हणजे मांडवांचा सण, आणि त्याच्या आदल्या सकाळी बखोरांच्या घरात कोण कुणावर ओरडतंय याला काही धरबंध नसतो. मागच्या अंगणात घरचा जपानी माळी मोरितासान शिडीवर चढून मांडवाच्या छपरावर बांबूच्या फांद्या अंथरत होता. स्वयंपाकघरात चार बायका टेबलाभोवती बसून उकडलेल्या कांद्याच्या पाकळ्यांत भाताचं सारण भरत होत्या. त्यांतल्या एकीच्या जिभेवर सकाळपासून कडू चव होती आणि ती काही केल्या जात नव्हती.

रेजिनाचं एक होतं. घाबरली की तिला हसू यायचं, आणि हसू दाबलं की उचकी लागायची. नऊ वर्षांपूर्वी लग्नाचा करारनामा वाचला जात असताना तिने अकरा उचक्या दिल्या होत्या. नवऱ्याने, नईमने, त्या मोजल्या होत्या. त्याचं म्हणणं, आपण तिच्या प्रेमात पडलो ते तेव्हा. तिच्या पुढच्या दोन दातांतल्या फटीच्या प्रेमात तर आधीच पडलो होतो.

"पाणी पी," हबीबाबाई म्हणाल्या. कांद्यावरून नजर न उचलता सगळं घर बघायची कला सासूबाईंना साधली होती.

"प्यायले, आई."

"मग श्वास धर."

रेजिनाने श्वास धरला. समोर धाकटी जाऊ फ्लोरा आणि शेजारी अझीझा आत्या एकमेकींकडे बघून पुन्हा कांद्यांकडे वळल्या.

पुढच्या खोलीत कपाटावर जर्दाळूच्या लाकडाची पेटी होती. तिच्यात कापसाच्या गादीवर एक महाळुंग, लिंबाच्या जातीचं मोठं पिवळं फळ, ठेवलेलं होतं. जाफाहून विमानाने हाँगकाँगला, तिथून बोटीने जपानात कोबेला, आणि बंदरावरून सासऱ्यांच्या मांडीवर बसून ते कितानोचा चढ चढून आलं होतं. उद्या सकाळी सिनेगॉगमध्ये खजुराच्या पातीबरोबर ते हातात धरायचं आणि प्रार्थना म्हणायची. हेस्केल बखोरांच्या एका महाळुंगावर सगळ्या गावातल्या यहुद्यांचा सण होत असे. लढाईची वर्षं सोडली तर वीस वर्षं असंच चाललं होतं.

आणि त्या महाळुंगाची शेंडी आज सकाळी रेजिनाने दातांनी तोडली होती.

तिने ते गंमत म्हणून केलं नव्हतं. घरात बसऱ्याच्या आजीपासून रीत होती, की जिला दिवस गेलेत तिने महाळुंगाची शेंडी चावायची. मग बाळंतपण सुखाचं होतं आणि पोर टिकतं. पण कधी? सणाच्या सातव्या दिवशी, महाळुंगाचं काम संपल्यावर. चार वर्षांपूर्वी रेजिना मुकाट्याने सातव्या दिवसाची वाट बघत बसली होती, आणि पाचव्या दिवशीच सगळं संपलं होतं. त्याच्या आधी दोनदा तसंच. प्रत्येक वेळी घरात पेढे वाटावेत तसे खजुराचे लाडू वाटले गेले, हाँगकाँगच्या नातेवाइकांना तारा गेल्या. शेवटच्या वेळी तर अभिनंदनाचं उत्तर आलं तेव्हा अभिनंदन करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

या वेळी तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नईमलासुद्धा नाही. आणि सकाळी सगळे मांडवाचे बांबू बघायला अंगणात गेले तेव्हा ती पेटीपाशी गेली. फक्त बघायचं होतं. हात लावायचा होता. पुढचं तिला नीट आठवत नव्हतं, जिभेवरची चव तेवढी आठवत होती.

पहिल्या दिवशी महाळुंग अखंड लागतं हे तिला शेंडी गिळल्यावर सुचलं.

"या अल्ला!"

पुढच्या खोलीतून घरच्या अरबीत आलेली आरोळी एवढी मोठी होती की अंगणातली शिडी हलली. सासऱ्यांनी पेटी उघडली होती.

सगळं घर पुढच्या खोलीत जमलं. हेस्केल बखोर टेबलापाशी उभे होते, हातात महाळुंग, चेहरा त्याच्याइतकाच पिवळा. नईम आणि धाकटा सासून हे दोघे मुलगे पेढीवरून नुकतेच आले होते, टोप्या अजून डोक्यावरच होत्या. फ्लोराचे चारही मुलगे रांगेत उभे करून तोंडं उघडायला लावली गेली.

"ही नाहीत," फ्लोरा म्हणाली. "यांनी चावलं असतं तर अर्धं महाळुंग गेलं असतं."

"मग उंदीर?" सासून म्हणाला.

"उंदीर पेटीची कडी लावून जात नाही," हेस्केल म्हणाले.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. तीस वर्षं ते मोत्यांचा व्यापार करत होते. मोत्याच्या पोटातली चीर ते ज्या भिंगातून शोधत, तेच भिंग डोळ्याला लावून ते महाळुंगावर वाकले. रेजिनाला उचकी आली. हेस्केलनी भिंग हलवलं नाही. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले, मग सावकाश सरळ झाले आणि भिंग पुसून खिशात ठेवलं.

"माणसाचे दात आहेत," ते म्हणाले. आवाजातला चढ एकदम उतरला होता. "आपल्या घरात शेंडी कोण चावतं, हे मी सांगायला नको."

सासूनच्या डोक्यात उजेड पडायला क्षणभर लागला. "म्हणजे घरात कुणाला तरी…" त्याचा चेहरा फुलला, मग तुटकं महाळुंग बघून पडला, मग पुन्हा फुलला. "बाबा, आता रडायचं की नाचायचं?"

"कोण आहे ते आधी कळू दे," नईम म्हणाला.

तिला शिक्षेची भीती नव्हती. तिला अभिनंदनाची भीती होती. नाव निघालं की मिठ्या, लाडू, तारा, आणि मग चार दिवसांनी तेच पांढरे पडलेले चेहरे, तेच दाराआडून कुजबुजणं. पण दुसऱ्या कुणावर आळ येऊ देणंही तिला जमणार नव्हतं. तिने तोंड उघडलं.

"मी चावली," हबीबाबाई म्हणाल्या.

खाली बंदरातल्या बोटीने भोंगा दिला.

"तू?" हेस्केल म्हणाले.

"का? मला दात नाहीत?"

"हबीबा, तू सत्तावन्न वर्षांची आहेस."

"बाळ झालं तेव्हा साराबाई नव्वदीच्या होत्या," हबीबाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "ग्रंथात लिहिलंय. तुम्हीच वाचता दरवर्षी, मोठ्याने."

नईमने भिंतीला हात टेकला. "आई, खरंच?"

"तू गप्प बस. तुझा या विषयाशी काही संबंध नाही."

हेस्केलनी मिशीवरून हात फिरवला. ते काही बोलणार एवढ्यात फ्लोरा पुढे झाली. "आई उगीच माझ्यावर पांघरूण घालताहेत. शेंडी मी चावली. पाचवं आहे."

सासून जवळच्या खुर्चीत बसला. खुर्चीत हबीबाबाईंची विणकामाची टोपली होती. तो तसाच उडी मारून उठला. "पाचवं? मला का नाही सांगितलंस?"

"आता सांगतेय ना."

"दोघीही खोटं बोलताहेत," अझीझा आत्या म्हणाल्या. हेस्केलची ही धाकटी बहीण पन्नास वर्षांची, बिनलग्नाची, आणि घरात सगळ्यांत कमी बोलणारी. "मी चावली."

आता मात्र सगळेच तिच्याकडे वळले.

"अझीझा," हेस्केल अगदी हळू म्हणाले, "तू कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? मला आंबट आवडतं."

दाराशी मोरितासान येऊन उभा होता, हातात कोयता. त्याने कोयता खाली ठेवला आणि कमरेत खोल वाकला. "चूक माझी आहे, बखोरसान. पेटी मी आणखी वरच्या फळीवर ठेवायला हवी होती. फार दिलगीर आहे."

"तूही चावलीस का?" हेस्केलनी विचारलं.

"नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर हरकत नाही."

फ्लोराला पहिलं हसू फुटलं. मग आत्यांना, मग पोरांना, कशाला हसायचं हे न कळताच. रेजिनाने ओठ घट्ट दाबले, त्याचा परिणाम म्हणून एकापाठोपाठ तीन उचक्या आल्या, आणि तिने ठरवलं की आता बोलूनच टाकायचं.

"बाबा, मी…"

"पुरे!" हेस्केल गरजले. "चार जणांनी कबुली दिली, आता पाचवं कुणी तोंड उघडलं तर मी हाँगकाँगला निघून जाईन! घरात तीन बाळंतपणं आहेत, त्यांचं नंतर बघू. उद्याचं बोला."

रेजिनाचं तोंड उघडंच राहिलं. सासरे तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

उद्याचं कुणालाच सुचत नव्हतं. शेंडी तुटलेलं महाळुंग पहिल्या दिवशी बाद. सकाळी आठ घरांतले पुरुष सिनेगॉगमध्ये येणार, हेस्केल बखोरांच्या पेटीकडे बघणार, आणि पेटीत हे.

"गावात आणखी एक आहे," अझीझा आत्या म्हणाल्या.

ते सगळ्यांना माहीत होतं. नाव घ्यायची सोय नव्हती, इतकंच. गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, हिरव्या खिडक्यांच्या घरात हेस्केलचा धाकटा भाऊ मुराद राहत होता. दोन वर्षांपूर्वी नववर्षाच्या प्रार्थनेत हेस्केल मेंढ्याचं शिंग फुंकत असताना शेवटच्या लांब सुरात त्यांचा दम तुटला. मुराद शेजारीच उभा होता. त्याने भावाच्या हातातून शिंग घेतलं आणि सूर पुरा केला. सगळ्या समाजासमोर. त्या दिवसापासून दोघा भावांत शब्द नव्हता. सिनेगॉगमध्ये एक पूर्वेच्या बाकावर बसे, दुसरा पश्चिमेच्या. मागच्या सुक्कोतला मुरादने भावाच्या महाळुंगावर प्रार्थना म्हणायचं नाकारलं, आणि यंदा स्वतःचं मागवलं.

या भांडणात सगळ्यांत वाईट सापडली ती रेजिना. मुरादची बायको लुलू ही तिची सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनेच तिला वाढवलं, त्याच हिरव्या खिडक्यांच्या घरातून रेजिना नवरी होऊन गल्ली ओलांडून इकडे आली होती. दोन वर्षं मावशी-भाची सिनेगॉगच्या बायकांच्या सज्ज्यात शेजारी बसून, ओठ न हलवता, प्रार्थनेच्या चालीवर गप्पा मारत होत्या.

"मोरितासानला चिठ्ठी देऊन पाठवू," सासून म्हणाला. "उद्या दोन तासांपुरतं उसनं मागायचं."

"उसनं चालत नाही," हेस्केल म्हणाले. "पहिल्या दिवशी हातातलं महाळुंग ज्याचं त्याचं लागतं."

"भेट दिलेलं चालतं," मोरितासान दारातून म्हणाला. "परत करण्याच्या अटीवर." सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा तो पुन्हा वाकला. "दरवर्षी ऐकतो."

खरं होतं. रेजिना ते लहानपणापासून ऐकत आली होती. एक महाळुंग गावभर फिरायचं ते असंच. देणारा म्हणायचा, हे तुला भेट, परत करण्याच्या अटीवर. घेणारा क्षणभर मालक व्हायचा, प्रार्थना म्हणायचा, आणि पुन्हा भेट म्हणून परत द्यायचा.

"म्हणजे मुरादकाकांनी बाबांना भेट द्यायची," नईम हळूच म्हणाला. "हाताने."

हेस्केल खिडकीशी जाऊन उभे राहिले. पलीकडच्या हिरव्या खिडकीतला जाळीचा पडदा घाईघाईने बंद झाला. मुराद बखोरांना आरोळी ऐकू गेली असणार यात काही नवल नव्हतं. ती बंदरापर्यंत गेली असावी.

"जेवणानंतर जाईन," हेस्केल म्हणाले. मग वळून, "रेजिना, तू चल माझ्याबरोबर. तुझी मावशी आहे तिथे. निदान दार तरी उघडेल."

स्वयंपाकघराचं दार लागताच रेजिना तिघींकडे वळली. "हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?" हबीबाबाईंनी कांद्यांचं पातेलं चुलीवर चढवलं. "मला भूक लागली होती."

"आई!"

"तीन आठवडे कॉफीचा वास आला की उठून जातेस," सासूबाई पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "मी काही विचारलं? नाही. तू काही सांगितलंस? नाही. मग झालं तर."

"आणि मी तुला बरणीतून आंब्याचं लोणचं चमच्याने खाताना पाहिलंय," फ्लोरा म्हणाली. "नुसतं. भाताशिवाय. उभ्या उभ्या."

रेजिनाने आत्यांकडे पाहिलं.

"मी सकाळी जिन्यात होते," अझीझा आत्या म्हणाल्या. "तू खोलीतून बाहेर आलीस, तोंडावर हात ठेवून. मी म्हटलं, बरं झालं. मागच्या वेळी वाट बघितली, काय मिळालं?"

म्हणजे एवढं जपून ठेवलेलं गुपित घरातल्या झाडून सगळ्या बायकांना ठाऊक होतं, आणि तिघींनी ते एकमेकींपासूनही लपवून ठेवलं होतं. रेजिनाला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. फ्लोराने तिच्या हातात लोणच्याची बरणी दिली.

"मला भीती वाटते," रेजिना म्हणाली.

"वाटू दे," हबीबाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं. हातांना कांद्याचा वास होता. "तू घाबर, पोटभर घाबर. नाव आम्ही नाही काढणार. पाचवा महिना लागेपर्यंत या घरात मीच गरोदर."

दुपारी चारच्या सुमारास हेस्केल बखोर काळा कोट घालून निघाले. कोटाचा एक खिसा फुगलेला होता. रेजिना मागून चालली. गल्ली जेमतेम दहा पावलांची. हेस्केलना ती ओलांडायला दोन वर्षं आणि पाच मिनिटं लागली. ते पाच मिनिटं फाटकापाशी उभं राहून बुटाच्या नाडीकडे बघत होते.

दार लुलू मावशीने उघडलं. दिराकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिने भाचीला ओढून घेतलं आणि दाराच्या चौकटीतच तिच्या गालांचे, कपाळाचे, नाकाचे मुके घेतले. "तुझ्यावरून जीव ओवाळून टाकीन! वाळलीस गं. खायला देत नाहीत का तिथे?"

"मावशी, बाबा आलेत."

"दिसतंय. उंच आहेत."

मुरादकाका दिवाणखान्यात वर्तमानपत्र उघडून बसले होते. ते उलटं धरलेलं होतं.

"लुलू," ते पेपरातून म्हणाले, "पाहुण्यांना म्हणावं, बसा."

"रेजिना," हेस्केल म्हणाले, "त्याला सांग, मी उभाच बरा आहे."

"काका, बाबा म्हणतात…"

"ऐकू येतं मला. विचार त्यांना, सकाळी कोण मेलं? ओरडण्याचा आवाज आला."

"कुणी मेलं नाही. सांग त्याला, उलट," हेस्केल म्हणाले आणि तिथेच थांबले.

रेजिनाला उचकी आली.

"उलट काय?" मुरादकाकांनी पेपर खाली केला. आता ते थेट भावाकडेच बघत होते. दोघांची नाकं एकच, दोघांच्या मिशा एकाच न्हाव्याने कापलेल्या. "दादा, झालंय काय?"

दादा ऐकून हेस्केल बसले. "माझ्या महाळुंगाची शेंडी गेली."

"कशी?"

आता रेजिनाने डोळे मिटले. सज्ज्यातल्या सगळ्या बायका, आठ घरं, हाँगकाँगची तार, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"मी चावली," हेस्केल म्हणाले.

मुरादकाकांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "तू?"

"मीच. उद्या सगळ्यांसमोर तेच सांगणार आहे. भूक लागली होती."

"दादा, तुझ्या तोंडात एकही दात नाही. कवळी आहे तुला! मीच नेलं होतं दातांच्या डॉक्टरकडे!"

"कवळीने चावली."

"दाखव."

हेस्केलनी फुगलेल्या खिशातून फळ काढून भावाच्या हातात दिलं. मुरादकाकाही मोत्यांतलेच. त्यांनी भिंगसुद्धा न घेता ते खिडकीतल्या उन्हात धरलं, फिरवलं आणि बोट ठेवलं. चावल्याच्या खुणेत मधोमध एक बारीक उभी रेघ राहून गेली होती, दातांना न लागलेली.

"कवळीत फट ठेवून घेतलीस वाटतं?" ते म्हणाले.

रेजिनाचा हात आपोआप तोंडावर गेला. लुलू मावशीने आधी महाळुंगाकडे पाहिलं, मग भाचीच्या झाकलेल्या तोंडाकडे, आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. तो तिने पदर कोंबून तिथल्या तिथे बंद केला.

मुरादकाका मात्र हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग ते खुर्चीच्या हातावर बुक्क्या मारायला लागले. "कवळीने! उद्या सांगणार आहे! सगळ्या समाजाला! हेस्केल बखोर, महाळुंगखाऊ!" आणि हेस्केल, ज्यांना दोन वर्षांत सिनेगॉगमध्ये कुणी हसताना पाहिलं नव्हतं, तेही हसायला लागले, कवळी हाताने सांभाळत.

हसणं ओसरल्यावर मुरादकाकांनी डोळे पुसले. पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले.

"दादा, शिंगाच्या वेळी मला तुझा अपमान नव्हता करायचा. सूर पडू द्यायचा नव्हता."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर दोन वर्षं…?"

"माझा दम संपला होता रे," हेस्केल म्हणाले. "तू नसतास तर तो सूर अर्धा राहिला असता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्याचाच राग होता. तुझा नव्हता."

मुरादकाका उठून आतल्या खोलीत गेले आणि चांदीची डबी घेऊन आले. आतलं महाळुंग लहान होतं, पण अंगावर एक डाग नाही, शेंडी ताठ. ते दोन्ही हातांनी धरून भावासमोर उभे राहिले, आणि दोन वर्षांच्या अबोल्यानंतर माणूस जसा ओशाळून बोलतो तसे म्हणाले, "हे तुला भेट. परत करण्याच्या अटीवर. उद्या मलाही लागेल."

"उद्या पूर्वेच्या बाकावर बसशील तर परत करीन," हेस्केल म्हणाले.

लुलू मावशीने रेजिनाच्या हातात करंज्यांसारख्या संबुसकांनी भरलेला डबा कोंबला, वर लोणच्याची एक बरणी ठेवली. "उद्या मांडवात जेवायला आम्ही तुमच्याकडे," ती म्हणाली. मग कानाशी येऊन, "मी काही बघितलं नाही हं. देवाशप्पथ काही नाही."

परत येताना ऊन उतरलं होतं, खालच्या बंदरातलं पाणी तांबडं झालं होतं. हेस्केल चांदीची डबी छातीशी धरून चालत होते, रेजिना डबा आणि बरणी सांभाळण्याची कसरत करत मागून. फाटकाशी ते थांबले. अंगणात मोरितासान मांडवात उताणा पडून छपरातल्या फटींतून आभाळ दिसतंय का ते बघत होता. चांदण्या दिसल्या पाहिजेत, असा नियम त्यानेच हेस्केलना कितीदा तरी ऐकवला होता.

"बाबा," रेजिना म्हणाली, "तुम्हाला सकाळीच…"

"मला काय? मला काही माहीत नाही. माझ्या घरात तीन गरोदर बायका आहेत, त्यांतली एक सत्तावन्न वर्षांची. मी त्या काळजीत आहे."

त्यांनी खिशातून शेंडी तुटलेलं महाळुंग काढलं. क्षणभर हातात तोललं, मग तिच्यापुढे धरलं.

"हे तुला," ते म्हणाले. "भेट."

आयुष्यभर ऐकलेलं वाक्य होतं, रेजिनाने सवयीने पुढचं म्हटलं. "परत करण्याच्या अटीवर."

"नाही," हेस्केल म्हणाले. "याला अट नाही. हे परत करायचं नाही, पोरी."

आणि ते झपझप पुढे निघून मांडवापाशी जाऊन मोरितासानवर ओरडायला लागले, की एवढ्या फटींतून पाऊस नाही का येणार.

स्वयंपाकघराच्या दारात तिघी जणी वाट बघत उभ्या होत्या. रेजिनाने फक्त हातातलं महाळुंग वर केलं. हबीबाबाईंनी ते पाहिलं, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि अझीझा आत्यांनी, घरात सगळ्यांत कमी बोलणाऱ्या आत्यांनी, तोंडावर आडवा हात धरून जीभ हलवत लग्नघरी देतात तशी लांब किलकारी दिली. फ्लोराने दुसरी दिली. गल्लीच्या पलीकडून, हिरव्या खिडकीतून, लुलू मावशीची तिसरी आली, दुपारपासून पदरात कोंबून ठेवलेली.

नईम धावत आला. "काय झालं?"

"काही नाही," चौघी म्हणाल्या.

"सण आहे ना," हबीबाबाईंनी डोळे पुसले.

नईमने आईकडे काळजीने पाहिलं. सकाळपासून तो तिच्या मागेमागेच होता. तिच्या हातातली बादली त्याने दोनदा काढून घेतली होती. आता तो आत गेला आणि जेवणघरातली गादीची खुर्ची उचलून घेऊन आला. ती त्याने आईसमोर ठेवली. "आई, तू उभी राहू नकोस. या वयात जपायला हवं. बस."

हबीबाबाई बसल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

रेजिनाला उचकी आली नाही. तिने डबा आणि बरणी फ्लोराच्या हातात दिली, महाळुंग मांडीवर घेतलं, आणि त्या खुर्चीत बसली.